चाक काढण्याआधी ब्रेक मोकळा करा

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचे पंक्चर काढताना चाक सहसा सायकलवरून उतरवतच नाहीत. टायरची एक कड रिमवरून उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडवून भोक शोधायचे आणि ठिगळ लावून ती पुन्हा आत सारायची. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि घट्ट बसलेले नट सोडवत बसण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचाच आहे. रोड सायकल मात्र वेगळ्या हिशेबाने बांधलेली असते. तिचे पंक्चर रस्त्यात काढायचे म्हणजे सोबतची नवी ट्यूब घालायची, आणि त्यासाठी चाक बाहेर यावेच लागते. पुणे-मुंबईकडे आता रुळलेल्या ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि दोन नियंत्रण-ठाण्यांच्या मध्ये आपल्या माणसांची गाडी मदतीला घेता येत नाही. अशा वेळी चाक काढता येणे अत्यावश्यकच ठरते. ते काढण्याची रीत ब्रेकपासून सुरू होते आणि ब्रेकपाशीच संपते. यातला दुसरा भाग फार कमी जणांना शिकवला जातो, हे मला गंभीर वाटते.

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये चिमट्याच्या दोन भुजा रिमच्या दोन्ही बाजूंनी येतात. हाताच्या बोटांना लीव्हर ओढायला जागा थोडीच मिळते. त्या थोड्या हालचालीतून मोठा दाब निर्माण करायचा, तर ब्रेकचे रबर फार लांबून येऊन चालत नाही. म्हणून ते रिमपासून दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटरवर ठेवतात. रिम २२ मिलिमीटर रुंद असेल, तर दोन रबरांमधली फट साधारण पंचवीस-सव्वीस मिलिमीटरची होते. आज सर्रास वापरला जाणारा टायर २८ मिलिमीटरचा असतो. हवा भरलेला हा टायर त्या फटीतून जाणार नाही, हे उघड आहे. ही अडचण दूर करायला बहुतेक चिमट्यांवर, तार जिथे बांधलेली असते त्याच्या जवळ, एक छोटा खटका दिलेला असतो. तो फिरवला की तार सैल पडते, भुजा काही मिलिमीटर उघडतात आणि चाक मोकळे निघते. चाकाच्या आसाला धरून ठेवणारी दांडी निराळी. ती इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३० च्या सुमारास रूढ केली, आणि नवखे लोक या दोहोंत गल्लत करतात. आधी ब्रेकचा खटका, मग आसाची दांडी हा क्रम ठेवावा. मागचे चाक काढायचे असेल तर त्याआधी चेन सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणून ठेवावी.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात की पंक्चर झालेला टायर लुळा पडलेला असतो, तो दाबून तसाच काढता येतो, मग खटक्याचे प्रयोजन काय? काढताना हे खरे आहे. पण नवी ट्यूब घातल्यावर टायरची कड रिममध्ये सगळीकडे सारखी बसली आहे का, ट्यूब कुठे चिमटली गेली नाही ना, हे चाक हातात असताना, थोडी हवा भरून पाहणे सोयीचे असते. पुरेशी हवा भरलेले चाक मग बंद ब्रेकमधून रेटून बसवले जाते आणि रबराचा कोन हलतो. रबर जरासे वर सरकून टायरला घासू लागले, तर प्रत्येक ब्रेकसरशी टायरची बाजू कापली जाते. घाटाच्या उतारावर असा टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. काहीजण तारेचा बोल्टच सोडतात. तेव्हा तारेचे टोक विसकटते आणि पहिली जुळणीही जाते. ज्या कामासाठी खटका बनवला, ते काम त्यालाच करू द्यावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जो खटका उघडा राहू शकतो, तो कुणीतरी उघडा ठेवून सायकलवर बसणारच. हा धोका खरा आहे, आणि तो सगळीकडे सारखा नाही. चिमट्यावरचा खटका उघडा राहिला, तर लीव्हर हँडलच्या बरीच जवळ येते आणि ब्रेक कमजोर लागतो. व्ही-ब्रेक किंवा कँटिलिव्हर ब्रेकची तार आकड्यातून काढून तशीच राहिली, तर ब्रेक लागतच नाही. काम्पान्योलो कंपनीने ही सोय चिमट्याऐवजी हातातल्या लीव्हरमध्ये, एका छोट्या खिळीच्या रूपात दिली. खिळी सरकवली की लीव्हर नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबते, त्यामुळे विसर पडला तरी बोटांना फरक जाणवतो आणि ओढायला वाढीव जागाही मिळते. माझ्या मते ही रचना अधिक विचारी आहे. पण कोणतीही रचना तपासणीची जागा घेऊ शकत नाही. चाक बसले, आसाची दांडी घट्ट झाली, खटका मिटला की दोन्ही लीव्हर जोराने दाबायच्या, चाक फिरवून ते रबराला घासत नाही हे पाहायचे, मगच बसायचे.

डिस्क ब्रेक आल्यावर हे सारे कालबाह्य झाले, असेही ऐकू येते. २०१८ पासून रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत त्यांना रीतसर मुभा आहे आणि नव्या महागड्या सायकलींवर तेच दिसतात. त्यांत टायर ब्रेकमधून जात नाही, म्हणून सैल करण्याचा प्रश्न नसतो. मात्र हायड्रॉलिक डिस्कचे चाक बाहेर असताना चुकून लीव्हर दाबली, तर आतले पॅड एकमेकांजवळ येतात आणि तबकडी पुन्हा शिरत नाही. पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा अडकवून ठेवावा. शिवाय रिम ब्रेकच्या सायकली अजून भरपूर धावतात, जुन्या विकल्या-घेतल्या जातात, आणि परवडणाऱ्या असल्याने शिकाऊ मुलांच्या हाती बहुधा त्याच येतात.

म्हणून दुकानदारांना विनंती आहे. सायकल हाती देताना ग्राहकाकडून तुमच्या समोर एकदा चाक काढवून घ्या, बसवून घ्या, आणि ब्रेक दाबून दाखवल्याशिवाय त्याला रस्त्यावर सोडू नका.