सर्वांचा पट आणि चिकट खूण

श्रोतेहो, एकाच संगणकावर पुष्कळ माणसं काम करू लागली, की कोणाचा कागद कोणी उघडावा, हा प्रश्न येतोच. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या आणि पुढं मेनफ्रेमवरही आलेल्या युनिक्सनं त्याचं सोपं उत्तर दिलं. फाइलीच्या लेखी माणसं तीन प्रकारची : मालक, गट आणि इतर. परवानग्याही तीनच : वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. म्हणजे ६४० परवानगी असेल, तर मालकानं वाचावं-लिहावं, गटानं नुसतं वाचावं, इतरांना मज्जाव.

आता गंमत पाहा. फाइल काढून टाकण्याचा हक्क फाइलीवर नसतो. ती ज्या डिरेक्टरीत आहे, तिच्यावर असतो. डिरेक्टरी म्हणजे शाळेचा पट समजा. पटावर लिहिण्याची ज्याला मुभा, तो कोणाचंही नाव खोडील. त्यामुळं सर्वांना खुल्या असलेल्या डिरेक्टरीत, तुमची फाइल ज्याला वाचताही येत नाही, तोसुद्धा ती नाहीशी करू शके.

यावर तोड निघाली ती 'स्टिकी बिट' या चिकट खुणेची. १९७४ मध्ये ती आली निराळ्याच कामासाठी : नेहमी लागणारा प्रोग्रॅम संपल्यावरही डिस्कवरच्या राखीव जागेत चिकटून राहावा आणि पुन्हा लवकर सुरू व्हावा, म्हणून. १९८६ च्या बर्कली आवृत्तीत डिरेक्टरीवर तिला नवा अर्थ मिळाला. नाव कोणीही घालावं. खोडावं मात्र फाइलीच्या मालकानं, डिरेक्टरीच्या मालकानं किंवा मुख्य व्यवस्थापकानं. अशा डिरेक्टरीची परवानगी १७७७.

शिक्षकबंधूंनो, युनिक्सच्या धर्तीवरच्या संगणकात सर्वांसाठी डिरेक्टरी उघडलीत, तर परवानग्यांच्या अखेरीस 'टी' हे अक्षर आहे ना, तेवढं आधी पाहा.