रूप आणि नाममुद्रा : ‘संत कान्होपात्रा’ नाटकाचा भाषिक विचार

नवी मुंबईतील वाशी येथील नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाने ओळखले जाते. भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने मराठी संगीत नाटकास निश्चित घाट दिला. या परंपरेत रूपवती नायिकांची वाण नाही. परंतु स्वतःचे रूप हेच जिला संकट ठरले, अशी नायिका विरळा. ना. वि. कुलकर्णी यांचे ‘संत कान्होपात्रा’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले, त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे.

मूळ आख्यान महिपतीच्या ‘भक्तविजया’त आहे. मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या गणिकेची ही कन्या वारकऱ्यांच्या संगतीने पंढरीस जाते. तिच्या रूपाची वार्ता बेदरच्या बादशहापर्यंत पोहोचते, तिला नेण्यास माणसे येतात, आणि ती विठ्ठलचरणी देह ठेवते. पंढरपूरच्या मंदिरातील तरटीचे झाड तिची आठवण म्हणून दाखविले जाते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कान्होपात्रेची शरणागती हा स्वतःचा अव्हेर आहे की स्वीकार? शेवटाकडेच पाहिले तर तो अव्हेर वाटेल. तिच्या अभंगांची भाषा मात्र निराळे सांगते.

मराठीत प्रथमपुरुषी वर्तमानकाळी क्रियापदही बोलणाराचे लिंग सांगते : पुरुष ‘जातो’ म्हणतो, स्त्री ‘जाते’ म्हणते. नाटकाच्या गद्य संवादांत स्त्रीभूमिका करणाऱ्या नटास हा स्त्रीलिंगी प्रत्यय पदोपदी उच्चारावा लागतो. कान्होपात्रेची भूमिका बालगंधर्वांची होती. त्यांचा जन्म १८८८ चा. म्हणजे त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात १९३३ मध्ये स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. तो काळ अगदी नजीक आला होता. अशा वेळी रूपाचा आभास टिकविण्याचा भार वेषाइतकाच भाषेवरही होता.

अभंगात हा भार उतरतो. आळवणीची मुख्य रूपे दोन : संबोधन आणि आज्ञार्थ. या दोहोंतही बोलणाराचे लिंग प्रकट होत नाही. ‘देवा, ये’ असे स्त्री म्हणो वा पुरुष, शब्दांत भेद पडत नाही. संवादात ‘पाहिली जाणारी’ नायिका अभंगात केवळ ‘हाक मारणारी’ होते. मग अखेरच्या चरणात नाममुद्रा येते. गणिकेच्या घरी ज्या नावाने तिला गिऱ्हाइकापुढे बोलावले असते, तेच नाव येथे तिने स्वतः देवापुढे उच्चारलेले असते. ते तिने बदललेले नाही, लपविलेलेही नाही. स्वीकार आहे तो येथे.

नाटकात योजिलेला चोखामेळ्याचा जोहार हेच तत्त्व दुसऱ्या बाजूने दाखवितो. जोहार हा महारांनी वरिष्ठांस करावयाचा नमस्कार. समाजाने लादलेला हा शब्द चोखोबांनी टाकला नाही. त्याचा रोख देवाकडे वळविला. शब्द तोच, परंतु तो ज्याला उद्देशून उच्चारावयाचा तो धनी बदलला, आणि त्याबरोबर बोलणाराची पायरीही बदलली.

मास्टर कृष्णरावांच्या चालींमुळे ही पदे नाट्यगृहाबाहेर पोहोचली व भजनांत रुळली. तेथे ना वेष असतो, ना रंगभूषा. ज्या रूपासाठी प्रेक्षक प्रथम आले असतील ते मागे राहिले आणि हाक तेवढी उरली. तथापि यावरून श्रद्धेने सामाजिक अन्याय मिटला, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक होणार नाही. बादशहाची माणसे दाराशी उभीच होती, आणि कान्होपात्रेला प्राण द्यावा लागला. भाषेने तिला सुटका दिली नाही. आपण कोण, हे आपल्याच तोंडाने सांगण्याचा अधिकार मात्र दिला. संगीत नाटकाचा अभ्यास करताना रागतालांबरोबरच क्रियापदांच्या रूपांकडेही लक्ष द्यावयास हवे ते याचसाठी.