गादीविना बारामती-इंदापूर

संस्थानी राजधान्या मोजायला बसलं की नीरेपलीकडचं फलटण यादीत येतं, अलीकडची बारामती आणि इंदापूर येत नाहीत. नाईक-निंबाळकरांचं संस्थान इंग्रजांनी मान्य केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकलं. त्यामुळे राजवाडा, राममंदिर आणि दोन्ही जपणारं घराणं तिथे राहिलं. पण ही यादी इंग्रजांच्या करारांवरून ठरली. तिच्यावरून गावाचा वारसा जोखणं चुकीचं आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे शिवाजी महाराजांना सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून काढून घ्यावं लागलं. राज्याभिषेक १६७४ चा. स्वराज्याची उभारणी त्याच्या कितीतरी आधी अशा परगण्यांच्या वसुलीवर आणि माणसांवर झाली.

जहागीर म्हणजे राज्य नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे, पण सत्ता गादीवरच बसते असं नाही, हे बारामतीकर बाबूजी नाईकांनी दाखवलं. ते सावकार होते. त्यांचे बंधू आबाजी पहिल्या बाजीरावाचे मेहुणे, आणि खुद्द बाजीराव नाईकांचा कर्जदार. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं बाजीरावाचे पुत्र नानासाहेब यांना दिली. ज्या घरातून पेशवाईला पैसा गेला आणि जिथून पेशवेपदावर हक्क सांगितला गेला, त्या घराच्या गावाला आडगाव कसं म्हणावं? याच नाईकांच्या आश्रयाने पन्हाळ्यात जन्मलेले मोरोपंत बारामतीत पुराणिक म्हणून राहिले. अख्खं महाभारत आर्यांत बांधणारा हा कवी १७९४ मध्ये इथेच वारला.

खरा आक्षेप वेगळाच आहे: हा सगळा थाट रयतेच्या साऱ्यावर आणि सावकारी व्याजावर उभा होता. तो नाकारता येत नाही, नाकारूही नये. पण फलटणचा राजवाडाही शेतसाऱ्यातूनच उभा राहिला. म्हणून कऱ्हाकाठच्या नाईकवाड्याचा इतिहास सांगताना आर्यांइतकेच कर्जरोखे वाचावेत आणि इंदापूरच्या गढीपाशी मालोजीराजांबरोबर परगण्यातल्या कुणब्याचाही उल्लेख यावा. राजवाड्याची निगा राखायला घराणं तरी असतं. गढी आणि वाडा सांभाळायचं काम नगरपालिकेला आणि गावकऱ्यांनाच करावं लागेल.