शोधनिबंधाची परीक्षा

रायपूर शहरात १९५६ साली खाण व धातुविद्येचे शासकीय महाविद्यालय स्थापन झाले. आज ती राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. समजा, तेथील एखाद्या संशोधकाने तेलीबांधा तलावाच्या पाण्यावर प्रयोग करून शुद्धीकरणाची नवी रीत शोधली. ती जगापुढे मांडण्याचा राजमार्ग म्हणजे अभियांत्रिकी नियतकालिकाकडे शोधनिबंध धाडणे.

निबंधात सारांश, कार्यपद्धती, मोजमापे आणि निष्कर्ष अशा रीतीने मांडावे लागतात, की परक्या माणसाने तोच प्रयोग केल्यास त्यास तोच पडताळा यावा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविणे शिष्टसंमत नाही. संपादक तो त्या विषयाच्या जाणकारांकडे परीक्षणासाठी सोपवितो. त्यांची नावे लेखकाला सहसा कळत नाहीत. मग निबंध स्वीकारला जातो, दुरुस्तीसाठी परत येतो किंवा नाकारला जातो.

परीक्षकांचे आक्षेप बोचतात खरे. परंतु १८९४ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचा द्रवप्रवाहावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे आला, तेव्हा स्टोक्स आणि लँब या थोर परीक्षकांनाही तो दुर्बोध वाटला. १८९५ साली तो छापला गेला आणि खळाळत्या प्रवाहाच्या गणिताचा पाया ठरला.

शुल्क घेऊन परीक्षणाविना छापणारी नियतकालिकेही आज आहेत. तेथे छापलेला चुकीचा आकडा जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचला, तर त्याची किंमत पाणी पिणाऱ्याला मोजावी लागेल. लेखकाला बोचणारा आक्षेप त्या अनोळखी माणसाच्या हिताची राखण करीत असतो.