कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत टिकणारं काय?



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर बोलता बोलता मिळेल. आधी प्रश्न नीट मांडू या.

बारावीचा निकाल लागला की गिरगाव ते लालबाग घराघरांत एक चर्चा सुरू होते. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स घ्यावं, की आयटी, की सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जावं? हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: "आता कोड म्हणे मशीनच लिहितं. मग तीन वर्षांनी आमच्या मुलीच्या हातात काय राहणार?"

हा प्रश्न परळ-लालबागमध्ये विचारला जातो तेव्हा त्याला वेगळं वजन असतं. कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली काढली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढची सव्वाशे वर्षं या भागातल्या माणसांनी साचा खात्यात, कताई खात्यात आयुष्यं घातली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि नंतर एकेक गिरणी बंद होत गेली. कारणं अनेक होती, त्यात आज शिरत नाही. घरात मात्र परिणाम एकच दिसला. आवाजावरून साच्याचं दुखणं ओळखणारा माणूस घरी बसला आणि त्याचं ते ज्ञान कुणी विचारेना. अशा घरातली आजी नातीच्या कोर्सबद्दल "हेही जाईल का हो?" असं विचारते, तेव्हा तिला भाबडी म्हणून चालणार नाही. तिने एकदा पाहिलेलं आहे.

म्हणून आज एवढंच तपासू: या पदवीत एका विशिष्ट यंत्राला बांधलेलं काय आहे, आणि यंत्र बदललं तरी टिकणारं काय आहे?

बांधलेलं पुष्कळ आहे. आज एक प्रोग्रामिंग भाषा, उद्या दुसरी. आज हे सॉफ्टवेअर, उद्या ते. हे शिकावं लागतंच. पण याच पदवीत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स नावाचा विषय असतो. त्यात पुष्कळांना केटी लागते, आणि "याचा उपयोग काय?" असं बहुतेक जण विचारतात. माझ्या मते खरा खजिना तिथेच आहे.

गंमत बघा. ज्या १८५४ साली दावरांची कंपनी निघाली, त्याच वर्षी जॉर्ज बूल या गणितज्ञाचा विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बूलकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी तो आयर्लंडमध्ये कॉर्कला प्राध्यापक झाला. 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचं बीजगणित करता येतं, हे त्याने दाखवलं. त्याचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन तर जन्माने आपल्याकडचा, १८०६ साली मदुराईला जन्मलेला. पहिल्या वर्षाची मुलं 'डी मॉर्गनचा नियम' घोकतात तो हाच.

हा नियम मराठीतून समजून घेऊ. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्क म्हणतो, "तुझ्याकडे दोन्ही कागद नाहीत." याचा अर्थ काय? एकही कागद नाही, की दोन्हींपैकी एखादा कमी आहे? मराठीत हे वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं. आपण क्लार्कच्या चेहऱ्यावरून अर्थ ओळखतो. यंत्राला चेहरा वाचून अर्थ लावायची सोय नाही. डी मॉर्गन सांगतो की 'दोन्ही आहेत' हे खोटं असेल तर निघतं इतकंच, की निदान एक नाही. दोन्ही नाहीत असं त्यातून निघत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच जागी अर्ज चुकीचे नाकारले जातात.

बूलचं हे बीजगणित पुढे ऐंशीएक वर्षं मुख्यतः तर्कशास्त्र्यांच्या कपाटात राहिलं. १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की विजेच्या रिले-स्विचांची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते. संगणकाच्या पोटातलं सर्किट आजही त्याच नियमांनी चालतं. आपल्या राज्यात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे. त्यातली सत्यता कोष्टकं आणि कॉम्प्युटरच्या वर्गातली ट्रूथ टेबल्स एकच. तेव्हा मी इथे का उभा आहे, त्याचं उत्तर मिळालं असेल.

आता दुसरी गोष्ट. आपल्या न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. परंपरेतलं उदाहरण गाईचं. 'गाय म्हणजे तांबूस जनावर' म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेलं जनावर' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'अखंड खुराचं जनावर' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

हे प्रोग्रामला लावून बघा. विद्यार्थ्याला सांगितलं, लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम लिही. त्याने लिहिलं, 'चारने भाग गेला की लीप वर्ष.' ही अतिव्याप्ती झाली, कारण १९०० ला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हतं. दुसऱ्याने लिहिलं, 'चारशेने भाग गेला तरच.' ही अव्याप्ती, २०२४ सुटलं. खरा नियम असा: चारने भाग जावा पण शंभरने जाऊ नये, किंवा मग चारशेने जावा.

यातली मेख अशी की पहिल्या विद्यार्थ्याचा चुकीचा प्रोग्राम १९०१ पासून २०९९ पर्यंत प्रत्येक वर्षाचं उत्तर बरोबर देतो! या सगळ्या वर्षांच्या चाचण्या घ्या, सगळ्या पास. पण उद्या कुणी जुन्या जन्मनोंदी त्यात भरल्या, तर २९ फेब्रुवारी १९०० ही अस्तित्वातच नसलेली तारीख तो बिनतक्रार स्वीकारेल. म्हणजे 'चालतं' आणि 'बरोबर आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद कळणं म्हणजे कॉम्प्युटर सायन्स शिकणं, असं मी म्हणेन.

तिसरी गोष्ट मर्यादेची. 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' या विषयात ॲलन ट्युरिंगचं १९३६ चं काम शिकवतात. समजा एक ज्योतिषी-प्रोग्राम आहे. कुठलाही प्रोग्राम आणि त्याला द्यायची माहिती त्याच्यापुढे ठेवा. तो कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे ज्योतिषी अचूक सांगतो. आता एक उलट्या स्वभावाचा प्रोग्राम लिहू. त्याला एखादा प्रोग्राम दिला की तो ज्योतिषाला विचारतो, "याला याचाच मजकूर दिला तर हा थांबेल का?" ज्योतिषी 'थांबेल' म्हणाला, तर उलट्या मुद्दाम कायम चालत राहतो. 'थांबणार नाही' म्हणाला, तर लगेच थांबतो. आता उलट्याला त्याचा स्वतःचाच मजकूर द्या. ज्योतिषाने काहीही सांगितलं तरी तो खोटा पडतो. म्हणजे असा अचूक ज्योतिषी असूच शकत नाही. इथे यंत्र मोठं करून, वेगवान करून भागत नाही, कारण ही अडचण तर्काची आहे. प्रत्यक्ष संगणक बनण्याआधी एका चोविशीतल्या तरुणाने हे कागदावर सिद्ध केलं.

आपल्या मुंबईत १९६० मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक हा भारतीयांनी घडवलेला संगणक सुरू झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या त्या तरुण गटाला कॉम्प्युटर सायन्सची पदवी कुठून असणार? ती आपल्याकडे नव्हतीच. गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया पक्का होता, बाकीचं त्यांनी करता करता शिकून घेतलं. ते यंत्र काही वर्षांत जुनं झालं. त्या माणसांचं ज्ञान पुढे कामाला आलं.

व्याख्यानानंतर एका पालकांनी विचारलं: "सर, हे सगळं ठीक. पण एआय कोड लिहून देत असेल तर नोकरीचं काय?"

मी भविष्य सांगत नाही; ज्योतिषाचं काय होतं ते आत्ताच पाहिलं. काही कामं जातील, विशेषतः सांगितलेलं जसंच्या तसं टाइप करण्याची. पण यंत्राने लिहून दिलेला लीप वर्षाचा प्रोग्राम बरोबर आहे की नुसता चालतो आहे, हे कुणीतरी ठरवायला हवं. मुळात काय हवं आहे हे अव्याप्ती-अतिव्याप्ती टाळून सांगायलाही कुणीतरी हवं. ती कुवत तीन वर्षांत कमावता येते, पण फक्त प्रमाणपत्राने येत नाही.

म्हणून मुलांना तीनच गोष्टी सांगतो. प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राचं बघून उतरवू नका. चुकलेला प्रोग्राम का चुकला हे शोधण्यातच शिक्षण आहे. डिस्क्रीट मॅथ्सकडे पास होण्यापुरता विषय म्हणून बघू नका. आणि जे शिकलात ते घरी मराठीतून समजावून सांगा, आईला, आजीला, कुणालाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी तर नक्कीच. इंग्रजी शब्द खुशाल वापरा, पण त्यांना जोडणारं वाक्य तुमचं हवं. जिथे वाक्य अडेल, तिथे समजायचं राहिलंय असं खुशाल धरा.

त्या आजीला उत्तर द्यायचं तर असं देईन: साचा बदलेल, आजी. तो बदलणारच. नातीने साच्यामागचा हिशेब शिकला असेल, तर नव्या साच्यासमोर ती अगदीच परकी ठरणार नाही.