मागून ओढलं जातं तेव्हा

सकाळी ६:५०

या वेळेला भोसरी शांत असते. प्रेस सुरू व्हायच्या असतात, गल्लीत टेम्पोंची रांग लागायची असते. दोरा ताणायला मला हीच वेळ लागते. शेडमध्ये सपाट फरशीवर मारुती जिप्सी उभी आहे. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथपासून चॅसीच्या मागच्या टोकापर्यंत गवंड्याचा दोरा ताणला आणि त्यावर कोनमापक धरलं. ३६ अंश. गाडी नाल्यातून वर निघताना किंवा उतार संपून सपाटीला येताना मागचं शेपूट घासणार की सुटणार, हे हा कोन ठरवतो. बंपर या दोऱ्याच्या खाली लोंबला, तर तो मातीत नांगरासारखा रुततो आणि गाडी तिथेच धरून ठेवतो. आमचा बंपर चॅसीच्या टोकापासून १२० मिलिमीटर मागे येतोय, म्हणजे त्याची खालची कड टोकापेक्षा निदान ८७ मिलिमीटर वर हवी. मागच्या आठवड्यातही हा आकडा कागदावर काढला होता. तरी आज पुन्हा मोजला, कारण मधल्या दिवसांत मालकाने गाडीला नवे टायर चढवले. चाक मोठं झालं की दोरा हलतो.

मालक कोल्हापूरकडचे डॉक्टर आहेत. पावसाळ्यात गोव्याला ऑफ-रोड स्पर्धेला जातात, गाडी ट्रकवर चढवून नेतात. तिथे २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज भरतंय. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या मागण्या बदलल्या. आधी लोक दिसण्यावर बोलायचे, आता हुक कुठे आहे ते विचारतात. मला हा बदल फार आवडतो.

सकाळी ८:००

मामा आले. हातात डबा, खांद्यावर तोच जुना चामडी एप्रन. मामा वेल्डर. माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहेत. त्यांच्यामागून पोरगा आला. आयटीआय करून वर्ष झालंय, हात चांगला आहे, पण घाई करतो.

पहिलं काम दुसऱ्या गाडीचं. जुनी थार, २०२० च्या आधीची. तिच्या बंपरचा आज पुठ्ठा कापायचा. संगणकावर चित्र काढायला बसण्याआधी मी पुठ्ठ्याचा अख्खा बंपर बनवतो. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लागतो, दुधाच्या पिशव्यांच्या खोक्याचा चालत नाही, तो वाकतो आणि खोटं बोलतो. चॅसीच्या दोन्ही टोकांना पुठ्ठा टेकवायचा, सायलेन्सर कुठून बाहेर येतो, दार कुठपर्यंत उघडतं, टेललाइट किती झाकला जातो, सगळं त्यावर मार्करने उतरवायचं.

पोराने डावी बाजू कापली आणि तीच उलटी करून उजवीकडे लावली.

“दादा, इकडे दोन सूत फट राहतेय.”

राहणारच. दहा-बारा वर्षं खड्ड्यांत आपटलेल्या गाडीची चॅसी दोन्ही बाजूंना सारखी नसते. आम्ही दोन्ही कर्ण मोजले, सहा मिलिमीटरचा फरक निघाला. कंपनीच्या आकृतीवरून बंपर काढला असता, तर तो फिटिंगच्या दिवशी बसला नसता आणि मग कोणीतरी भोकं लांबट करून तो जबरदस्तीने बसवला असता. लांबट भोक म्हणजे ओढताना सरकणारा बंपर. म्हणून उजवी बाजू वेगळी कापायला लावली.

जाडी किती घ्यायची यावर मालक नेहमी म्हणतात, पाच एमएम घ्या, मजबूत होईल. एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचं वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ७.८५ किलो असतं. या बंपरचा पुढचा पत्रा उलगडला तर ०.७ चौरस मीटर भरतो. तीन एमएममध्ये साडेसोळा किलो, चारमध्ये २२, पाचमध्ये साडेसत्तावीस. हे वजन मागच्या आसाच्याही मागे लटकणार. पुढची चाकं हलकी होणार, मागचे पाटे बसणार, आणि दोऱ्याने मिळवलेला कोन तिथेच जाणार. पुढचा पत्रा दगडावर घासण्यापुरता जाड असला की झालं. जोर जिथून जातो तिथे मात्र जाडी हवी. मी तोंडाला तीन किंवा चार घेतो आणि वाचलेलं लोखंड चॅसीच्या ब्रॅकेटमध्ये घालतो, जिथे ते कोणाला दिसत नाही.

सकाळी १०:१५

छोटा हत्ती आला. लेझर कटिंगवाल्याकडून जिप्सीचे तुकडे. चहा पिता पिता मोजले, एकोणीस हवेत, एकोणीस आले. लग, म्हणजे शॅकल अडकवायचे जाड कान, २० एमएम प्लेटचे. त्यांचं भोक लेझरवर मुद्दाम लहान कापून घेतो आणि आमच्या मशीनवर २४ पर्यंत ड्रिल करतो. जाड प्लेटमध्ये लेझरचं भोक खाली जाताना थोडं निमुळतं होतं आणि त्याची कड कडक होते. आम्ही वापरतो त्या पावणेपाच टनी बो शॅकलची पिन २२ ची, तिला भोकात सरळ बसायला हवं. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार पोराने कानशीने मारली.

११ वाजता पत्रे शेजारच्या गाळ्यात बेंडिंगला. तासभर गेला.

दुपारी १:००

डबे. मामांची भाकरी, माझी पोळी, पोराचा वडापाव.

दुपारी १:४०

बॅटरीची तार काढली, पेट्रोलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकलं, अग्निशामक हाताशी ठेवला. गाडीवर फक्त टॅक मारायचे, पूर्ण वेल्डिंग तिथे कधीच नाही.

आधी ब्रॅकेट. चॅसीची पट्टी पोकळ पेटीची असते. तिच्या आरपार बोल्ट घालून आवळला की पेटी चेपते, मग बोल्ट कितीही आवळला तरी आठ दिवसांत ढिला. म्हणून आत जाड नळीचा तुकडा घालतो, दोन्ही भिंतींना टेकेल इतका नेमका. आवळण्याचा दाब मग नळी घेते. एका बाजूला चार असे आठ बोल्ट, एम१२, ८.८ ग्रेडचे. ब्रॅकेट पेटीच्या बाजूने मागपर्यंत येतो, आणि लग त्या ब्रॅकेटलाच जोडलेला असतो. बंपरच्या तोंडाला खाच असते, लग तिच्यातून बाहेर डोकावतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की लग बंपरला लावलाय. प्रत्यक्षात तो चॅसीला लावलाय, बंपर त्याच्याभोवती बसवलाय.

हे मी नेहमी असंच करत नव्हतो. अकरा वर्षांपूर्वी मी एका गाडीला तीन एमएमच्या तोंडावरच लग वेल्ड करून दिला होता. वेल्डिंग उत्तम होतं, मामांच्या हातचं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे भातखाचराच्या कडेला दुसरी गाडी रुतली, आणि आमच्या बंपरची गाडी तिला ओढायला लागली. ताणणारा दोर होता, तो रबरासारखा ताण साठवतो आणि एकदम सोडतो. तिसऱ्या हिसक्याला वेल्डिंग तुटलं नाही. त्याच्याभोवतीचा पत्रा फाटला. लग, शॅकल आणि पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा रुतलेल्या गाडीची पुढची काच फोडून आत गेला आणि शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीत घुसला. चालवणारा माणूस एक हात अंतरावर होता. मी तिथे चिखलात उभा होतो. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर महिनाभर मी आधी दिलेल्या गाड्यांच्या मालकांना फोन केले. सात बंपर परत मागवले आणि पैसे न घेता नवे ब्रॅकेट लावून दिले. दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या, त्यांचा पत्ता लागला नाही. ते दोन अजून कुठेतरी फिरत असतील.

गाडी मागून ढकलली जाते तेव्हा बंपरचं काम पत्रा करतो. ओढली जाते तेव्हा पत्र्याचा काही संबंध राहत नाही. दोरापासून चॅसीपर्यंत जोर सरळ, जाड आणि न वळता पोचतो का, एवढंच उरतं. मी तुकडे जोडताना बोटाने तो रस्ता चालून बघतो. दोर, शॅकल, पिन, लग, ब्रॅकेट, बोल्ट, चॅसी. मध्ये कुठे पातळ पत्रा आडवा आला तर काम थांबवतो. पोराला आज हेच बोट फिरवायला लावलं. तिसऱ्या वेळेला त्याने न चुकता सांगितलं.

दुपारी ३:३०

फोन. नव्या जिम्नीचा मालक, पुण्यातलाच. रोज ऑफिसला गाडी नेतो, मागे लोखंडी बंपर हवाय, “लूक येतो.”

मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण माझं खरं कारण दंडाचं नाही. मागून स्कूटर येऊन आदळली तर प्लॅस्टिकचा बंपर दबतो, त्याच्या मागचा भाग चेपतो आणि धक्का खातो. माझा लोखंडी बंपर काहीच खात नाही. तो धक्का स्कूटरवरच्या माणसाला जातो, आणि उरलेला गाडीतल्यांच्या मानेला.

तो नाराज झाला. म्हणाला, दुसरीकडून करून घेईन. घेईलही.

डॉक्टरांच्या जिप्सीचा मूळ बंपर मी शेडच्या माळ्यावर पुसून ठेवलाय. स्पर्धा झाली की तो परत चढतो, गाडी रस्त्यावर त्याच्यासकट जाते. आमचा बंपर आठ बोल्ट काढले की उतरतो. मूळ भोकांखेरीज चॅसीला एकही नवं भोक मी पाडलेलं नाही.

दुपारी ४:१०

टॅक मारलेला बंपर उतरवून जिगवर चढवला. जिग म्हणजे जाड चॅनेलवर उभारलेल्या दोन प्लेट, जिप्सीच्या चॅसीची टोकं जशी आणि जितक्या अंतरावर आहेत तशाच. तिच्यावर ब्रॅकेट बोल्टने आवळल्याशिवाय मामा शिल्ड खाली करत नाहीत. वेल्ड थंड होताना आकसतं आणि लोखंडाला स्वतःकडे ओढतं. मोकळ्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ झाळत गेलं की बंपर धनुष्यासारखा वळतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. मामा पन्नास मिलिमीटर डावीकडे मारतात, मग उजवीकडे, मग मध्यावर, मग खालून. मध्येच थांबून हाताची पाठ जवळ नेऊन उष्णता बघतात.

“मामा, जरा भरभर?”

“भाऊ, लोखंडाला घाई कळत नाही.”

लगभोवती दोन्ही बाजूंनी भरपूर झाळ, तोंडाच्या पत्र्याला थोडी-थोडी. बंद पेटीच्या सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात दहा एमएमची दोन भोकं पाडली. कोकणातलं पाणी आत शिरणारच, त्याला बाहेर जायला वाट ठेवायची.

संध्याकाळी ५:४५

आता स्टेपनीचा दांडा. मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास २६ इंचांच्या थोडा वर. डॉक्टरांचे नवे टायर ३१ इंची. काट्यावर रिमसकट ३४ किलो भरला. दाराच्या बिजागऱ्या एवढ्या वजनासाठी बनवलेल्या नाहीत, खडबडीत वाटेवर आधी दार कुरकुरतं, मग चौकटीला तडा जातो. म्हणून चाक दारावरून काढून बंपरवर फिरणाऱ्या दांड्यावर टांगायचं.

सगळा खेळ त्या दांड्याच्या खुंटीचा आहे. चाक आणि दांडा मिळून ४८ किलो, खुंटीपासून ६० सेंटिमीटरवर. खुंटीवरच्या दोन टेपर बेअरिंगमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल तर प्रत्येकावर २८८ किलोचा आडवा जोर येतो. अंतर १५० केलं की तोच जोर १९२. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की तिप्पट धरून चालतो. त्यामुळे बेअरिंग मोठं घेण्यापेक्षा अंतर वाढवणं स्वस्त आणि पक्कं. लेथवाल्याने खुंटी सुंदर काढून दिलीय, खालच्या बाजूला पाण्यासाठी सील, वर ग्रीसचं निपल.

मी एक गोष्ट मुद्दाम करतो. खुंटी वेल्ड करताना ती ओळंब्याला एक अंश बाहेर झुकवतो. चाक टांगलं की वजनाने ती सरळ होते. आज चाक लावलं, दांडा फिरवला, कुठेही थांबवला तरी तिथेच उभा राहिला, स्वतःहून उघडला नाही की मिटला नाही. दांडा बंद केला तेव्हा त्याचं टोक समोरच्या तिरक्या पाचरीवर एक सूत वर चढून बसलं. वजन आता दोन ठिकाणी गेलं, खुंटीला रात्री विश्रांती. मग टेललाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट मागून दहा पावलांवर उभं राहून पाहिले. चाकाआड काही गेलेलं नाही.

संध्याकाळी ७:२०

बंपर गाडीवर. आठही बोल्ट टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटरला आवळले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. बोल्ट फिरला तर रेघ तुटते.

फरशीत काँक्रीटमध्ये गाडलेले दोन आकडे आहेत. पुढची चॅसी एकाला बांधली, मागचा डावा लग चेन पुलीने दुसऱ्याला, मध्ये लटकता काटा. साखळीवर ओलं घोंगडं टाकलं. साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मालक असला तरी. पोरगा काट्याचा आकडा खांबाआडून दुर्बिणीतून वाचतो.

पाचशे. हजार. दीड हजार. पत्रा एकदा टक् वाजला, मामांनी हात वर केला, आम्ही थांबलो. टॉर्च मारून पाहिलं, ब्रॅकेट आणि तोंडाच्या खाचेतला उरलेला छर्रा निखळला होता. पुढे ओढलं. दोन हजार किलो, गाडीच्या वजनाच्या जवळपास दुप्पट. दहा मिनिटं तसंच ठेवलं.

सैल केल्यावर मोजलं. बंपर आणि बॉडीमधली फट ओढण्याआधी डावीकडे १५ होती, आता १६. पोरगा म्हणाला, “दादा, एकच एमएम आहे.”

रेघा बघितल्या. एक तुटली होती, खालचा मागचा बोल्ट. काढला, तर वॉशरखाली जुन्या रंगाचा थर चेपून निघाला होता. तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं, जस्ताचा प्रायमर लावला, वाळू दिला, पुन्हा ८० ला आवळला, नवी रेघ मारली. तोवर पावणेनऊ झाले होते. मामा निघाले नाहीत.

पुन्हा पाचशेपासून सुरुवात केली.