कडबा कुट्टीत हात कसा ओढला जातो? बटण बंद केल्यावरही पाते का थांबत नाही?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांत उसाच्या वाड्याचे भारे येऊन पडतात. म्हशींना ते अख्खे टाकले तर निम्मे पायाखाली जाते, म्हणून कुट्टी करायची. एकेकाळी चाक हाताने फिरवावे लागे. आता बहुतेक ठिकाणी सिंगल फेजवर चालणारी मोटर असते आणि वीज नसेल तिथे पेट्रोल किंवा डिझेल इंजिन. तासाचे काम काही मिनिटांत होते. याच यंत्रात बोटे आणि कधी अख्खा पंजाही जातो.

‘हात पात्यात गेला’ असे आपण म्हणतो, पण हात आधी सापडतो तो रोलरमध्ये. कुट्टीच्या तोंडाशी दातेरी रोलरची जोडी असते. वैरण पकडून आत ढकलणे हे तिचे काम आणि वैरण कोणती, बोट कोणते हे तिला कळत नाही.

एक साधा हिशेब करू. समजा पात्याचे चाक मिनिटाला ६०० फेरे घेते आणि त्यावर दोन पाती आहेत. म्हणजे सेकंदाला २० काप. प्रत्येक तुकडा दोन सेंटिमीटरचा धरला, तर रोलर सेकंदाला ४० सेंटिमीटर वैरण आत ओढतात. काहीतरी बिघडले हे लक्षात येऊन हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हात १० सेंटिमीटर आत गेलेला असतो. ‘मी पटकन हात काढतो’ या भरवशाला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

बटण बंद केले तरी पाते का फिरते?

पाती बसवलेले चाक मुद्दामच जड असते. जाड ताटे आली तरी वेग टिकावा म्हणून त्यात ऊर्जा साठवलेली असते. वीज गेली तरी ती ऊर्जा संपेपर्यंत चाक फिरतच राहते. वाडे अडकले, बटण बंद केले आणि लगेच हात घातला, असे करणाऱ्याचा घात इथे होतो. चाक डोळ्यांना पूर्ण थांबलेले दिसले पाहिजे, प्लग काढलेला पाहिजे आणि मगच अडकलेली वैरण काढायची. यंत्राला उलटा गिअर असेल तर आधी तो वापरावा. हा दांडा कुठे आहे, कसा ओढायचा, हे घरातल्या प्रत्येकाने यंत्र बंद असताना करून पाहिलेले बरे.

वैरण टाकताना पेंढीचा बंध आधी सोडा. तो बोटात अडकला तर पेंढीबरोबर हातही जातो. शेवटचा तोकडा तुकडा हाताने ढकलू नका. त्यासाठी पुढची पेंढी किंवा लाकडी दांडका आहे. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले हवेत. शर्टाच्या लोंबत्या बाह्यांना आणि हातातल्या कड्यालाही हेच लागू. हातमोजे घालावेत असे अनेकांना वाटते, पण इथे सैल मोजा धोका वाढवतो, कारण रोलरला पकडायला कापड मिळते. संध्याकाळी धारांची घाई, अंधुक दिवा आणि पायाखाली ओला गोठा, ही वेळ सर्वांत वाईट. मोटरला अर्थिंग आणि आरसीसीबी हवेच.

इंजिनवरची कुट्टी बंद गोठ्यात चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण.

मुलांचा प्रश्न वेगळा. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन यांनी शेती अवजारांच्या अपघातांचा अभ्यास करून सुरक्षित कुट्टीची रचना सुचवली होती. त्यात रोलरच्या अलीकडे सावध करणारा आणखी एक रोलर, पात्यांवर आवरण आणि काम नसताना चाक जागेवर धरणारे कुलूप होते. शेवटची गोष्ट साखळी आणि कुलूप लावून कुठल्याही गोठ्यात करता येते. नवे यंत्र घेताना विजेवरच्या कुट्टीच्या सुरक्षेसाठी असलेल्या ‘आयएस १५५४२’ या मानकाबद्दल दुकानदाराला विचारा. पट्ट्यावर आणि पात्यावर आवरण नसलेले यंत्र हजार-दोन हजाराने स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

हात सापडलाच तर?

ओढू नका. वीज तोडा, पट्टा उतरवा, वरच्या रोलरचा दाब सैल करा आणि मग चाक हळूहळू उलटे फिरवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा, १०८ ला फोन करा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात. पंजा किंवा त्यावरचा भाग तुटला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, म्हणून पुन्हा हात जोडण्याची सोय कुठे आहे हे फोनवर विचारूनच निघा.

सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला, वय १० ते ७५ असेल तर, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मागता येते. एक हात कायमचा निकामी झाल्यास एक लाख, दोन्ही हात गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा असतो. दवाखान्याच्या धावपळीत हीच मुदत निघून जाते, तेव्हा कागद गोळा करण्याचे काम घरातल्या एखाद्याकडे पहिल्याच आठवड्यात सोपवा.